चंद्रपूर जिल्ह्यातील रॉकेट अवशेष (२०२२)

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी, महाराष्ट्र व मध्य प्रदेशाच्या आकाशात तेजस्वी तुकड्यांची रांग सरकताना दिसली. त्यानंतर चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात धातूचे अवशेष आढळले. ते चीनच्या 'लाँग मार्च ३बी' या रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे असावेत, असे मत खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी मांडले. हे रॉकेट फेब्रुवारी २०२१ मध्ये उपग्रह घेऊन उडाले होते. या घटनेत जीवितहानी झाली नाही.

अवशेष

लाडबोरी गावात सुमारे ३ मीटर व्यासाचे धातूचे कडे सापडले. तालुक्यात गोलाकार टाक्याही आढळल्या. रॉकेटमध्ये अशा टाक्यांत उच्च दाबाचा वायू साठवतात. त्यांचे कवच उष्णतेस टिकणाऱ्या पदार्थांचे असल्याने पुनःप्रवेशात त्या अनेकदा पूर्णपणे जळत नाहीत. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या (इस्रो) शास्त्रज्ञांनी अवशेषांची पाहणी केली.

पतनाचे कारण

चंद्र हा पृथ्वीचा नैसर्गिक उपग्रह सरासरी ३,८४,४०० किमी अंतरावरून फिरतो. तेथे वातावरणाचा अडथळा जवळजवळ नसतो. भरती-ओहोटीच्या परिणामामुळे तो दरवर्षी सुमारे ३.८ सेंमी दूरच जातो. कृत्रिम वस्तूही त्याच गुरुत्वाकर्षणाने बांधलेली असते. मात्र तिची कक्षा वातावरणास स्पर्श करत असेल तर ती टिकत नाही.

भूस्थिर कक्षा पृथ्वीपासून ३५,७८६ किमी उंचीवर आहे. तिच्याकडे उपग्रह पाठवताना रॉकेटचा अखेरचा टप्पा सहसा लंबवर्तुळाकार कक्षेत मागे राहतो. या कक्षेचा पृथ्वीला सर्वांत जवळचा बिंदू काहीशे किमी उंचीवरच असू शकतो. तेथून जाताना प्रत्येक फेरीत विरळ हवेच्या घर्षणाने टप्प्याची ऊर्जा घटते, कक्षा आक्रसते आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तो दाट वातावरणात शिरतो.

पूर्वसूचनेची मर्यादा

पुनःप्रवेशापूर्वी अशा वस्तूचा वेग सेकंदाला सात ते आठ किमी असतो. त्यामुळे वेळेच्या अंदाजात एका मिनिटाची चूक झाल्यास स्थान चारशे किमीहून अधिक बदलते. यवतमाळ जिल्ह्यातील वणी शहर वर्धा नदीच्या पश्चिमेस असून सिंदेवाहीपासून सरळ रेषेत सुमारे ८० किमी दूर आहे. या वेगाने एवढे अंतर साधारण अकरा सेकंदांत कापले जाते. वरच्या वातावरणाची घनता सूर्याच्या सक्रियतेनुसार बदलते आणि नियंत्रण सुटलेली वस्तू गरगरत येते. त्यामुळे एखाद्या तालुक्याला किंवा शहराला नेमकी सूचना देणे शक्य होत नाही.

कायदेशीर बाजू

१९७२ च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारानुसार अंतराळ वस्तूमुळे जमिनीवर नुकसान झाल्यास प्रक्षेपण करणारे राष्ट्र भरपाईस जबाबदार असते. त्यासाठी त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. जानेवारी १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला 'कॉसमॉस ९५४' उपग्रह कॅनडात कोसळला. त्या प्रकरणी सोव्हिएत संघाने १९८१ मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलर देण्याचे मान्य केले. १९६८ च्या करारानुसार सापडलेले अवशेष, मागणी झाल्यास, प्रक्षेपण करणाऱ्या राष्ट्राला परत द्यावे लागतात.

सुरक्षितता

अशा टाक्यांत दाबाखालील वायू किंवा विषारी इंधनाचा अंश शिल्लक असू शकतो. त्यामुळे सापडलेल्या वस्तूस स्पर्श न करता पोलीस अथवा तहसील कार्यालयास कळवणे योग्य ठरते.