परागकणांची साक्ष

इतिहास म्हटला कीं आमच्या डोळ्यांपुढें ताम्रपट आणि बखरी उभ्या राहतात. परंतु जेथें लिहिणारा माणूसच नव्हता, त्या भूमीचा इतिहास कोणाला विचारावा? सायबेरिया व अलास्का यांच्यामध्यें आज सुमारें ८५ किलोमीटर रुंदीची बेरिंगची सामुद्रधुनी आहे. हिमयुगांत समुद्राची पातळी सुमारें १२० मीटर उतरली, तेव्हां तेथें विस्तीर्ण कोरडी जमीन होती. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ एरिक हुल्टेन यांनीं १९३७ सालीं तिला बेरिंजिया हें नांव दिलें. त्या भूमीवर मॅमथ, घोडे व बायसन चरत. आजच्या ओलसर, शेवाळी टुंड्रांत असल्या कळपांचें पोट भरणें कठीण. मग ते खात तरी काय?

दलदलींत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर साचून पीट बनतें. (नांवावरून वाचकांनीं पिठाची कल्पना करूं नये, हा काळपट, वाळल्यावर जळणारा पदार्थ आहे.) त्यांत हवा शिरत नसल्यामुळें परागकणाचें चिवट कवच हजारों वर्षें टिकतें व त्यावरील नक्षीवरून वनस्पतीचें कूळ ओळखतां येतें. थराथरांतले कण मोजून आलेख मांडण्याची रीत लेनार्ट फॉन पोस्ट यांनीं १९१६ सालीं क्रिस्तियानिया, म्हणजे आजचें ऑस्लो, येथें विद्वानांपुढें ठेविली.

बेरिंजियाच्या हिमयुगीन थरांत गवत, लव्हाळे, विलो व आर्टेमिसिया यांचे कण सांपडले. हा आर्टेमिसिया म्हणजे जोतिबाला वाहतात त्या दवण्याचाच भाऊबंद! त्यावरून कांहींनीं समृद्ध कुरणाचें चित्र रंगविलें. १९८० सालीं युकॉनमधील सरोवराचा गाळ तपासणाऱ्या दोघां संशोधकांनीं तें पुसून विरळ, उजाड माळ दाखविला. शेकडा प्रमाण फसवें असतें हें खरेंच. उजाड भूमीवर स्थानिक पराग इतका थोडा पडतो कीं वाऱ्यानें दूरच्या अरण्यांतून आणलेले पाइनचे कण उगाच मिरवतात. यासाठीं दर चौरस सेंटिमीटरवर वर्षाला किती कण पडले हें काढावें लागतें. उलट, किड्यांवर विसंबणारीं फुलझाडें हवेंत पराग फारसा उधळीतच नाहींत. दप्तरांत नांव नाहीं म्हणून माणूसच नव्हता, असें म्हणावयाचें काय?

१९९६ सालीं तर प्रत्यक्ष समुद्रतळांतून काढलेल्या पीटाची परीक्षा प्रसिद्ध झाली. त्या बुडालेल्या सखल भागांत कुरण नव्हतें, खुरट्या बर्च व लव्हाळ्यांचा टुंड्रा होता. म्हणजे साऱ्या बेरिंजियाला एकच रंग देणें आम्हांस धाडसाचें वाटतें. पुढें २०१४ सालीं गोठलेल्या मातींतील डीएनए तपासला गेला, तेव्हां परागांच्या वहींतून निसटलेल्या त्या फुलझाडांचाच मोठा भरणा निघाला. बर्फांत जपून राहिलेल्या जनावरांच्या पोटांतही तींच होतीं.