भगोष्ठांची शस्त्रक्रिया : निर्णयापूर्वी आणि निर्णयानंतर

'अंग बाहेर येते', 'अंगावरून जाते', 'खाली जड वाटते' अशा आडवळणाच्या शब्दांत मराठी स्त्री आपले दुखणे डॉक्टरांच्या कानावर घालते. त्या शब्दांमागे गर्भाशय खाली सरकलेले असू शकते, जंतुसंसर्ग असू शकतो किंवा नुसता भगोष्ठांचा आकारही असू शकतो. या शेवटच्या कारणासाठी जी शस्त्रक्रिया केली जाते तिला लेबियाप्लास्टी म्हणतात. वाढलेल्या किंवा असमान भगोष्ठांचा काही भाग कापून त्यांना आटोपशीर आकार देणे, एवढाच तिचा अर्थ आहे. योनिमार्ग घट्ट करणे किंवा कौमार्यपटल शिवणे या वेगळ्या गोष्टी असून जाहिरातींत त्यांची सरमिसळ केलेली आढळते.

योनिमुखाच्या दोन्ही बाजूंना त्वचेच्या दोन-दोन घड्या असतात. बाहेरच्या घड्या जाड व केसाळ असतात, तर आतील भगोष्ठ पातळ, मऊ आणि रक्तवाहिन्या व मज्जातंतूंनी समृद्ध असतात. मूत्रद्वार व योनिमुख यांचे ते रक्षण करतात आणि कामसुखातही त्यांचा वाटा असतो. वयात येताना संप्रेरकांमुळे ते वाढतात व गडद होतात. लांब किंवा काळसर भगोष्ठ म्हणजे पूर्वीच्या शरीरसंबंधाची खूण, हा समज सर्वस्वी खोटा आहे. लग्न ठरलेल्या कित्येक मुलींच्या मनात याच समजाने धास्ती निर्माण केलेली असते.

मग 'नॉर्मल' आकार कोणता? लंडनमध्ये पन्नास स्त्रियांची मोजमापे घेऊन २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आतील भगोष्ठांची लांबी २ ते १० सेंटिमीटर आणि रुंदी ७ मिलिमीटर ते ५ सेंटिमीटर इतकी भिन्न आढळली. स्वित्झर्लंडमध्ये १५ ते ८४ वर्षे वयाच्या ६५७ स्त्रियांच्या पाहणीतही (२०१८) अशीच विविधता दिसली. डावा-उजवा भाग सारखा नसणे हेही नित्याचेच आहे. तपासणीला आलेल्या स्त्रीला पुष्कळदा 'तुमच्यात काही दोष नाही' एवढेच ऐकण्याची गरज असते आणि ते ऐकून ती समाधानाने परतते. अश्लील चित्रफिती पाहून किंवा पतीच्या टोमण्यामुळे शस्त्रक्रियेचा विचार मनात आला असेल, तर सुरीपेक्षा समुपदेशन अधिक उपयोगी पडते.

खरी अडचण असणाऱ्या स्त्रियाही आहेत. दुचाकीवर बसताना, तंग कपड्यांत, दिवसभर उभे राहून काम करताना भगोष्ठ घासून सोलवटतात. पाळीच्या दिवसांत पॅडमुळे ती जागा अधिकच चुरचुरते. समागमाच्या वेळी ते आत ओढले जाऊन वेदना होतात. अशांना या शस्त्रक्रियेने आराम मिळू शकतो. मात्र आधी निदान पक्के व्हावयास हवे. मधुमेही स्त्रीला वारंवार होणारा बुरशीचा संसर्ग, साबण वा सुगंधी पॅडची अ‍ॅलर्जी, त्वचा पांढुरकी व पातळ करणारे लायकेन स्क्लेरोसससारखे विकार, योनिमुखाजवळच्या ग्रंथीची गाठ किंवा खाली उतरलेले गर्भाशय यांच्यामुळेही नेमक्या याच तक्रारी उद्भवतात. त्यांवर वेगळे उपचार असतात. निदान न करता केलेली शस्त्रक्रिया खाज तशीच ठेवून वर एक जखम देते.

करवीर तालुक्यातील उचगाव हे कोल्हापूर शहराला पूर्वेकडून लागून असलेले गाव. येथील स्त्रीला पहिल्या तपासणीसाठी दूर जाण्याचे कारण नाही. शहरातील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या 'सीपीआर'मध्ये, केसपेपर काढून स्त्रीरोग विभागात दाखवता येते. या रुग्णालयाचे पूर्वीचे नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. तेथील स्त्रीकक्षाची जबाबदारी कोल्हापूर संस्थानाने १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्याकडे सोपवली होती. परंतु ती स्वीकारण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. पुरुष डॉक्टरसमोर बोलण्याच्या संकोचामुळे स्त्रिया दुखणी अंगावर काढतात, हेच आनंदीबाईंना वैद्यक शिकण्यासाठी परदेशी जाण्याचे एक कारण वाटत होते. तो संकोच अद्याप सरलेला नाही. स्त्री डॉक्टरची मागणी करण्यात काहीही गैर नाही. पुरुष डॉक्टर तपासणार असतील तर दुसरी स्त्री उपस्थित असणे हा रुग्णाचा हक्क असून राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत त्याचा समावेश आहे.

शस्त्रक्रिया ठरली तर ती वयाच्या अठरा वर्षांनंतरच व्हावी, कारण तोपर्यंत अवयवांची वाढ सुरू असते. गर्भारपणात ती करू नये. बाळंतपणानंतर काही महिने थांबावे. पाळी संपल्यावरचे दिवस सोयीचे. साखर आटोक्यात हवी. मिस्री किंवा तंबाखूची सवय असेल तर ती काही आठवडे आधीच बंद करावी लागते, कारण निकोटिनमुळे रक्तपुरवठा कमी होऊन टाके उसवण्याचा धोका वाढतो. ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. मिस्रीला कोणी 'व्यसन' म्हणत नसल्याने ती सांगायची राहून जाते.

शस्त्रक्रिया जागा बधिर करून, कमरेत इंजेक्शन देऊन किंवा संपूर्ण भूल देऊन करतात. तिला एक ते दोन तास लागतात. एका पद्धतीत कडेचा जास्तीचा भाग कापला जातो. दुसरीत मधला पाचरीसारखा तुकडा काढून नैसर्गिक कड राखली जाते. पहिली सोपी, पण व्रण कडेवर येतो. दुसरीत टाके सुटण्याची शक्यता अधिक. रुग्णाला बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात.

घरी आल्यावर पहिला आठवडा कठीण जातो. सूज इतकी येते, की पूर्वीपेक्षा अधिकच बिघडले असे वाटावे. दोन्ही बाजूंची सूज सारखीही नसते. कपड्यात गुंडाळलेला बर्फ, ढिले सुती कपडे, लघवीनंतर साध्या पाण्याने धुणे आणि टिपून कोरडे करणे, एवढे पाळावे. जंतुनाशक द्रव किंवा हळदीचा लेप स्वतःच्या मनाने लावू नये. बैठे काम आठवड्याभरात जमते. उसाच्या शेतातील काम, दुचाकी आणि शरीरसंबंध मात्र चार ते सहा आठवडे वर्ज्य. टाके बहुधा आपोआप विरघळतात. एक बाजू अचानक टणक होऊन ठणकू लागली, पॅड भिजेल इतका रक्तस्राव झाला, ताप आला, दुर्गंधी येऊ लागली किंवा लघवी अडली तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. महामार्ग गावालगत असल्याने पुण्याला जाऊन गुपचूप शस्त्रक्रिया उरकण्याचा मोह होतो. पण रक्तस्रावाची भीती पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वाधिक असते आणि तेव्हा सर्जन सव्वादोनशे किलोमीटर दूर असतो.

संवेदना कमी होणे, व्रण दुखणे, असमानता राहणे हे धोके उरतातच. सर्वांत वाईट म्हणजे गरजेपेक्षा जास्त कापले जाणे, कारण काढलेला भाग परत येत नाही. म्हणून सर्जनची पदवी, अशा शस्त्रक्रियांचा अनुभव आणि पर्यायी उपचार यांविषयी स्पष्ट विचारावे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात, एका प्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी गृहीत धरता येत नाही, असा निर्वाळा दिला आहे. संमतिपत्रात नेमके काय काढले जाणार, हे मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नये. ही सही प्रौढ स्त्रीची स्वतःची असते; पतीची वा सासूची नव्हे.

केवळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा देत नाही. वैद्यकीय गरज असल्यास तसे लेखी प्रमाणपत्र घेऊन विमा कंपनीकडे आधीच विचारणा करावी लागते. अंतिम आकार दिसण्यास तीन ते सहा महिने लागतात. त्याआधी दुरुस्तीची दुसरी शस्त्रक्रिया अनुभवी सर्जन सहसा करीत नाहीत.