उपवासकाळातील शुभवर्तमान-वाचने : दीक्षार्थींच्या तीन कथांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
राखेच्या बुधवारी सुरू होऊन पुनरुत्थानाच्या सणाकडे नेणारा उपवासकाळ हा प्रामुख्याने उपवास, प्रार्थना व दानधर्म यांचा काळ म्हणून ओळखला जातो. तथापि त्याच्या जडणघडणीत बाप्तिस्म्याच्या पूर्वतयारीचाही मोठा वाटा होता. योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्री (अध्याय ४), जन्मांध (अध्याय ९) आणि लाजर (अध्याय ११) या तीन कथांच्या वाचनाचा रोमन परंपरेतील इतिहास पाहिला असता, समोरचा श्रोता बदलला की वाचनाचे स्थानही बदलते, असे दिसून येते.

दीक्षार्थींचा काळ :
चौथ्या शतकात प्रौढ दीक्षार्थींचा बाप्तिस्मा प्रामुख्याने पुनरुत्थानाच्या रात्री होत असे. इ. स. ३८१ ते ३८४ या काळात जेरुसलेमला गेलेल्या एगेरिया या यात्रेकरू स्त्रीने, तेथील बिशप उपवासकाळात दीक्षार्थींना दररोज सकाळी शिकवण देत असत, अशी नोंद केली आहे. इ. स. ३८७ मध्ये मिलान येथे बाप्तिस्मा घेतलेल्या संत ऑगस्टीन यांनी पुढे योहानाच्या शुभवर्तमानावरील प्रवचनांत जन्मांधाच्या कथेचा याच दृष्टीने अर्थ लावला. डोळ्यांना चिखल लावलेला परंतु अद्याप न धुतलेला मनुष्य म्हणजे दीक्षार्थी. शिलोहचे तळे म्हणजे बाप्तिस्मा.

या तिन्ही कथांत पाणी, प्रकाश आणि जीवन असा क्रम आहे. विहिरीवरची स्त्री यहुद्यांच्या दृष्टीने परकी होती. जन्मांध प्रथम येशूला केवळ एक मनुष्य म्हणतो, नंतर संदेष्टा म्हणतो आणि अखेरीस प्रभू म्हणून नमन करतो; त्यापूर्वीच त्याला बाहेर घालवलेले असते. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला या कथा आपल्याच वाटाव्यात, हे स्वाभाविक होते.

रविवारकडून आडवाराकडे :
गेलासियन प्रार्थनाग्रंथात दीक्षार्थींचे परीक्षाविधी उपवासकाळाच्या तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या रविवारी दिलेले आहेत. पुढे बालकांचा बाप्तिस्मा हीच सर्वसाधारण रीत झाली, प्रौढ दीक्षार्थी विरळ झाले आणि हे विधी आडवारी गेले. १५७० च्या रोमन मिस्साग्रंथात शोमरोनी स्त्रीची कथा तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी, तर जन्मांध व लाजर यांच्या कथा चौथ्या आठवड्याच्या बुधवारी व शुक्रवारी आढळतात. परिणामी, केवळ रविवारी येणाऱ्या भाविकांपासून त्या दुरावल्या. मिलानच्या अँब्रोशियन परंपरेत मात्र उपवासकाळातील काही रविवार आजही याच कथांच्या नावांनी ओळखले जातात.

मराठीशी संबंध :
रोमन मिस्साची भाषा लॅटिन असताना गोमंतकात नवख्रिस्ती समाजापुढे भाषेचाही प्रश्न होता. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'क्रिस्तपुराणा'च्या दुसऱ्या भागात, ५९ अवस्वरांतून, येशूचे चरित्र मराठी ओवीत मांडले. लॅटिन उपासनेबाहेर, नवागतांसाठी त्यांच्याच भाषेत केलेले हे निरूपण होते. त्यामागची गरज चौथ्या शतकातील दीक्षार्थींच्या गरजेहून फारशी वेगळी नव्हती.

पुनर्स्थापना :
दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक घटनेत उपवासकाळाची दोन अंगे स्पष्ट केली : बाप्तिस्मा आणि प्रायश्चित्त. त्यानुसार १९६९ च्या वाचनक्रमात त्रैवार्षिक चक्र आले. त्याच्या 'अ' वर्षात या तीन कथा पुन्हा तिसऱ्या ते पाचव्या रविवारी योजण्यात आल्या. दीक्षार्थी असतील तेथे त्या दरवर्षी वाचण्याची मुभाही मिळाली. १९७२ मध्ये प्रौढांच्या दीक्षाविधीची पुनर्रचना झाली. लोकभाषेला मान्यता मिळाल्यामुळे वसईसारख्या भागात ही वाचने मिस्सामध्ये मराठीतून ऐकू येऊ लागली.

समारोप :
वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, उपवासकाळातील वाचनांचा क्रम हा केवळ पंचांगाचा भाग नाही. धर्मसमुदाय कोणाला उद्देशून बोलतो, याची ती खूण आहे. नवागत दिसेनासा झाला तेव्हा त्याच्या कथाही आडवारी गेल्या. त्या रविवारी परतल्या, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेल्या श्रोत्यालाही आपण एकदा उंबरठ्यावर उभे होतो, याचे स्मरण होऊ लागले.