तारण आणि कर्तृत्व

धंदा करावयास निघालेल्या माणसाला पैसे देणारा सर्वांत आधी एकच प्रश्न विचारतो: ‘तुमच्यापाशी गहाण ठेवण्यासारखे काय आहे?’ हा प्रश्न गैर नाही. दिलेले पैसे परत यावेत ही इच्छा सावकाराला असते, तशी बँकेलाही असते. परंतु ज्याच्यापाशी हातातील कसब आणि डोक्यातील कल्पना यांखेरीज काहीच नाही, त्याची वाट या प्रश्नापाशीच अडते. छोट्या उद्योजकाला साहाय्य करण्याचा जो इतिहास आपल्या देशात घडला, तो पुष्कळ अंशी हा प्रश्न बदलण्याचा इतिहास आहे. ‘तुमच्यापाशी काय आहे?’ याच्या जोडीने ‘तुम्ही काय करू शकता?’ असे विचारावयास आपल्या संस्था कसकशा शिकल्या, हे पाहण्यासारखे आहे.

आरंभी हा दुसरा प्रश्न विचारणारी संस्था नव्हती. असलीच तर एखादी गुणग्राहक व्यक्ती असे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असल्यामुळे तो नांगर घेण्यास शेतकरी बराच काळ धजले नाहीत. बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील कुंडलनजीकचे माळरान त्यांना दिले आणि कर्जाचाही हात दिला. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. बाळासाहेबांनी माणूस पारखला होता. पण प्रत्येक लोहाराच्या व सुताराच्या नशिबी असा राजा कोठून असावयाचा?

सरकारने या कामात लक्ष घातले नव्हते असे नाही. मद्रास प्रांताने १९२२ साली उद्योगांना राज्याकडून साहाय्य देण्याचा कायदा केला आणि इतर काही प्रांतांनी तोच मार्ग धरला. कायदा उद्योगासाठी होता. परंतु कर्ज मात्र जमीनजुमल्याच्या तारणावर मिळावयाचे. म्हणजे ज्याला कर्जाची निकड थोडी, त्यालाच ते सुलभ!

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाचा मुळापासून विचार सुरू झाला. १९५३-५४ साली फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने परदेशी तज्ज्ञांचे एक मंडळ भारतात हिंडले. लहान कारखानदाराला केवळ पैशाची नव्हे, तर यंत्राची, तंत्राची आणि बाजाराची माहितीही हवी आहे, असा त्यांच्या शिफारशींचा रोख होता. १९५५ साली प्राध्यापक द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ग्रामोद्योग व लघुउद्योग यांना दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत कोणते स्थान असावे याची मांडणी केली. शेतकऱ्याकडे जसा विस्तार-सेवक जातो, तसा कारखानदाराकडे तंत्रज्ञ जावा, या विचारातून लघुउद्योग सेवा संस्था निघाल्या. त्यांचे तंत्रज्ञ कामाचे आराखडे करून देत, कारागिरांचे वर्ग चालवीत, आणि यंत्रे बसविलेल्या मोटारगाड्या गावोगाव नेऊन प्रात्यक्षिके दाखवीत.

याच १९५५ साली राष्ट्रीय लघुउद्योग निगम स्थापन झाला. त्याने यंत्रे भाडेखरेदी पद्धतीने देण्यास आरंभ केला. उद्योजकाने काही रक्कम अनामत भरावयाची, निगमाने यंत्र विकत घेऊन त्याच्या कारखान्यात बसवावयाचे, आणि उरलेली किंमत हप्त्यांनी फेडून घ्यावयाची. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत यंत्राची मालकी निगमाची. व्यवस्था साधी दिसते, पण तिने मोठी गोष्ट साधली. वडिलोपार्जित शेत वा घर गहाण टाकण्याऐवजी, ज्या यंत्रावर पोट चालावयाचे तेच यंत्र तारण झाले.

यंत्र आले तरी रोजच्या कच्च्या मालाला खेळते भांडवल लागतेच. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पुढच्याच वर्षी तिने निवडक केंद्रांत लघुउद्योगांच्या कर्जाची प्रायोगिक योजना हाती घेतली. तोपर्यंतची रीत अशी की, माल वखारीत ठेवून तिला बँकेने कुलूप घालावे. व्यापाऱ्याला ती सोयीची होती; पण ज्या कारखानदाराला रोज थोडाथोडा पत्रा कापावयाचा, त्याचे काम अशाने बँकेच्या किल्लीवाचून खोळंबे. हळूहळू ही रीत सैल होत गेली, आणि कारखान्यात कामात असलेला माल मालकाच्या हाती राहूनही बँक त्यावर कर्ज देऊ लागली. १९६० साली केंद्र सरकारने हमी योजना काढली; कर्ज बुडाल्यास तोट्याचा काही भार रिझर्व्ह बँकेमार्फत उचलला जाऊ लागला. १९६७ साली स्टेट बँकेने आणखी एक पाऊल टाकले. तांत्रिक शिक्षण घेतलेल्या, पण पदरी भांडवल नसलेल्या तरुणांना ती त्यांच्या योग्यतेवर कर्ज देऊ लागली. दुसरा प्रश्न आता बँकेच्या मेजावर येऊन पोहोचला होता.

तथापि योग्यता म्हणजे केवळ तांत्रिक ज्ञान काय? याचा एक कुतूहलजनक शोध आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथे घेतला गेला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी हैदराबादच्या लघुउद्योग विस्तार प्रशिक्षण संस्थेच्या सहकार्याने १९६४ साली त्या गावातील पन्नासाहून अधिक व्यावसायिकांना सुमारे दहा दिवसांचे शिक्षण दिले. त्यात एक खेळ होता. जमिनीवर खुंटी रोवावयाची आणि लांबून तिच्यावर कड्या टाकावयाच्या. अंतर ज्याचे त्याने ठरवावयाचे. कोणी अगदी जवळ उभे राहून हमखास यश घेई, कोणी फार दूर जाऊन दैवावर हवाला ठेवी. जो आपल्या आवाक्याचा अंदाज घेऊन मधले अंतर निवडतो आणि पहिल्या फेकीवरून दुसरी सुधारतो, त्याच्या अंगी उद्योजकाचे लक्षण आहे, अशी त्यामागची दृष्टी होती.

मॅक्लेलंड व विंटर यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्ताप्रमाणे, शिक्षण घेतलेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांनी पुढे धंद्यात ठळक नवे उपक्रम केले. शिक्षण न घेतलेल्यांत हे प्रमाण चौथ्या हिश्शाच्या आसपास राहिले. जातीचे व परंपरेचे आचार पाळणारे या बाबतीत मागे पडले नाहीत, हेही दिसून आले. मात्र एक मर्यादाही उघड झाली. ज्यांच्या हाती आपल्या धंद्याचे निर्णय होते, त्यांच्यातच हा पालट प्रामुख्याने दिसला. मनाची उभारी खरी. पण ती वापरण्यास अधिकार आणि साधन हवेच.

म्हणजे नुसते कर्ज पांगळे आणि नुसते शिक्षण वांझ. ही दोन्ही एकत्र आणण्याचे मोठे काम गुजरातने केले. तेथील औद्योगिक गुंतवणूक महामंडळाने तंत्रज्ञांना तारणाशिवाय पूर्ण भांडवल देण्याची योजना आखली. पैसा उपलब्ध झाला, परंतु तो वापरणारा माणूसही तयार करावा लागतो हा अनुभव आला, आणि १९७० पासून निवड, प्रशिक्षण व कर्ज यांची सांगड घालणारे वर्ग सुरू झाले. त्यातूनच १९८३ साली अहमदाबादची उद्योजकता विकास संस्था उभी राहिली. केरळात १९७२ साली तांत्रिक सल्ला देणारी स्वतंत्र संस्था निघाली. १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रे आली. आणि १९८८ साली औरंगाबादेस महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र स्थापन झाले.

या सर्वांत मला विशेष बोलका वाटतो तो कर्नाटकातील उजिरे या लहानशा गावचा प्रयोग. १९८२ साली धर्मस्थळच्या मंजुनाथेश्वर न्यासाने, त्या वेळची सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक यांच्यासह, बेकार तरुणांसाठी निवासी व विनामूल्य प्रशिक्षण सुरू केले. काही आठवड्यांत हाताला काम आणि हिशेबाला वळण लावावयाचे, बँकेशी गाठ घालून द्यावयाची, आणि एवढ्यावर न थांबता पुढे दोन वर्षे त्या तरुणाच्या दुकानी जाऊन विचारपूस करावयाची, असा तेथील क्रम. शिकविणारा, पैसे देणारा आणि सल्ला देणारा हे तिघे येथे एका ठिकाणी आले. २००९ साली केंद्र सरकारने हाच नमुना देशभर नेण्याचे ठरविले आणि जिल्ह्याजिल्ह्यात बँकांच्या पुढाकाराने अशा संस्था निघाल्या.

तारणाची अडचण पुढे आणखी कमी झाली. २००० साली लघुउद्योगांच्या तारणविरहित कर्जांसाठी हमी न्यास स्थापन झाला. २०१५ साली मुद्रा योजना आली आणि दहा लाख रुपयांपर्यंतची कर्जे तारणावाचून मिळू लागली. एके काळी जे एका संस्थानिकाच्या गुणग्राहकतेवर अवलंबून होते, ते आता धोरण झाले आहे. हा पल्ला लहान नाही.

पण या इतिहासाचा एक इशाराही आहे. किती कर्जे वाटली हे मोजणे सोपे असते. कर्ज घेतलेल्याचे दुकान तिसऱ्या वर्षी उघडे आहे की नाही, हे पाहावयास त्याच्या दारापर्यंत जावे लागते. तारणाचा आग्रह सुटला की माणसाला जाणून घेण्याची जबाबदारी वाढते. तारण कपाटात पडून राहते, त्याकडे कोणी पाहिले नाही तरी चालते. माणसाचे तसे नाही. मंदी येते, उधारी थकते, यंत्र बिघडते. अशा वेळी जाणत्याचा एक सल्ला नव्या कर्जापेक्षा अधिक उपयोगी पडतो. ‘तुम्ही काय करू शकता?’ असे विचारून पैसे दिले, तर काही महिन्यांनी त्याच माणसापाशी जाऊन ‘कसे चालले आहे?’ असेही विचारले पाहिजे. छोट्या उद्योजकाला मिळणाऱ्या साहाय्याची खरी कसोटी या तिसऱ्या प्रश्नात आहे.