पुण्याजवळचा एक नाक जोडणारा

प्लास्टिक सर्जरीचा इतिहास सांगताना आपण सुश्रुतापासून निघतो आणि थेट युरोपात उतरतो. वाटेत पुण्याजवळचा एक माणूस राहून जातो.

कावसजी हा इंग्रज सैन्यातला बैल हाकणारा. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला. तिथे त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षाहून अधिक काळ तो तसाच होता. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवले. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात याचे वर्णन छापून आले.

आधी मेणाचा पातळ पत्रा तुटक्या नाकावर बसवून नाकाचा आकार घ्यायचा. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, कडेने रेघ मारायची आणि तेवढे कातडे सोडवायचे. मात्र दोन भुवयांमधली एक चिंचोळी पट्टी कापायची नाही. सगळी मेख इथे आहे. या पट्टीतून रक्त येत राहते, म्हणून कातडे मरत नाही. ते अर्धा पीळ देऊन खाली वळवायचे, जुन्या नाकाची कड ताजी करून तिथे खोचायचे आणि वर पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या लावायच्या. चार दिवसांनी तुपाच्या पट्ट्या. नवा रक्तपुरवठा जमला की, साधारण पंचविसाव्या दिवशी, ती पट्टी कापायची. आजही कपाळाच्या कातड्याने नाक घडवतात तेव्हा पट्टी सहसा तीनेक आठवड्यांनीच कापतात!

सुश्रुतसंहितेत कातडे गालाचे आहे, कपाळाचे नाही. म्हणजे ही नुसती पोथीची नक्कल नव्हती. हातांनी विद्या पुढे नेली होती. जोसेफ कार्प्यू या सर्जनने प्रेतांवर सराव करून १८१४ साली लंडनमध्ये हीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले.

मॅगझिनमधल्या मजकुरात रुग्णाचे नाव आहे. शस्त्रक्रिया पाहिलेल्या मुंबई इलाख्यातल्या दोन डॉक्टरांचीही नावे आहेत. करणाऱ्याची फक्त जात आहे: विटा पाडणाऱ्यांपैकी, म्हणजे बहुधा कुंभार. त्याने ही विद्या कुणाकडून घेतली, कुणाला दिली, हे कुणी विचारलेले दिसत नाही.

वर्गात हे करून पाहता येईल. मातीच्या नाकावर ओला कागद चिकटवा, कडेने कापा, सोडवून सपाट करा. कागद नाकापेक्षा किती रुंद लागला, ते मुलांनाच मोजू द्या.