क्रिस वाइल्डर : तळघरातला सेनापती

इंग्लंडची फुटबॉल लीग १८८८ साली स्थापन झाली. पण पुढे जवळजवळ शंभर वर्षे तिच्या तळाशी एक भिंत उभी होती. शेवटच्या क्रमांकावर आलेला क्लब आपोआप बाहेर पडत नसे. त्याचे भवितव्य इतर सभासद क्लब मतदानाने ठरवीत, आणि बहुधा जुन्या सोबत्यालाच सांभाळून घेत. १९८६-८७च्या हंगामापासून ही भिंत पडली. व्यावसायिक फुटबॉलच्या ९२ क्लबांपैकी तळाचा क्लब खाली जाणार आणि त्याखालच्या ‘कॉन्फरन्स’ स्पर्धेचा विजेता वर येणार, असा नियम झाला. लहान शहरांच्या क्लबांसाठी हा आशेचा दरवाजा होता आणि भीतीचाही.

आजच्या धाग्याचा नायक याच दरवाजाच्या दोन्ही बाजूंना वावरलेला आहे.

क्रिस वाइल्डर यांचा जन्म १९६७चा, शेफील्डजवळच्या स्टॉक्सब्रिज या पोलादनगरीतला. १९८६ साली ते शेफील्ड युनायटेडमध्ये उजव्या बगलेचे बचावपटू म्हणून दाखल झाले. खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द प्रामाणिक होती. थोर होती असे म्हणता येणार नाही. रॉदरहॅम, नॉट्स काउंटी, ब्रॅडफर्ड अशी भ्रमंती झाली. इतिहासाला त्यांची दखल घ्यावी लागते ती व्यवस्थापक म्हणून.

सुरुवात आल्फ्रेटन टाउन या अगदी छोट्या क्लबातून झाली. २००१-०२मध्ये अवघ्या २७ आठवड्यांत चार करंडक मिळाले. लगेच हॅलिफॅक्स टाउनचे बोलावणे आले. हॅलिफॅक्स हे यॉर्कशरमधले लोकरी कापडाचे जुने शहर आणि तिथला क्लब १९११चा. २००२मध्ये हा क्लब लीगमधून खाली घसरला होता आणि तिजोरीत खडखडाट होता. वाइल्डर यांनी तिथे सहा वर्षे काढली. २००६ साली ते दरवाजाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचले. लेस्टरमधल्या बढतीच्या अंतिम सामन्यात हॅलिफॅक्सने दोनदा आघाडी घेतली, दोनदा गमावली, आणि जादा वेळेत हिअरफर्डने ३-२ असा विजय मिळवला. त्या एका गोलाची किंमत केवढी होती, हे दोन वर्षांनी कळले. करखात्यासह अनेकांची देणी थकली, तोडगा फिसकटला आणि २००८मध्ये हॅलिफॅक्स टाउन विसर्जित झाला. समर्थकांना नव्या नावाने, तीन पायऱ्या खालून, पुन्हा आरंभ करावा लागला. जुन्या पातळीवर परतायला २०१३ साल उजाडले.

क्लब मरतो म्हणजे काय, हे वाइल्डर यांनी असे जवळून पाहिले. पुढच्या घटना समजून घेताना हे ध्यानात ठेवावे.

डिसेंबर २००८मध्ये त्यांनी ऑक्सफर्ड युनायटेडची सूत्रे हाती घेतली. १९८६ साली लीग कप जिंकणारा हा क्लब २००६पासून कॉन्फरन्समध्ये अडकून पडला होता. मे २०१०मध्ये वेम्बलीवर यॉर्क सिटीला ३-१ असे नमवून तो लीगमध्ये परतला. त्यांची नेमणूक करणाऱ्या अध्यक्षांचे नाव केल्विन थॉमस. हे नाव लक्षात असू द्या.

जानेवारी २०१४मध्ये वाइल्डर यांनी एक चमत्कारिक निर्णय घेतला. सुस्थितीतले ऑक्सफर्ड सोडून ते नॉर्थॅम्प्टन टाउनकडे गेले. चौथ्या श्रेणीतला हा क्लब तेव्हा तळाशी होता. नॉर्थॅम्प्टन हे जोडे बनवणाऱ्यांचे शहर, म्हणून संघाचे टोपणनाव ‘कॉब्लर्स’, म्हणजे चांभार. हंगामाच्या अखेरच्या दिवशी त्यांनी ३-१ असा विजय मिळवून लीगमधले स्थान राखले. समोरचा पराभूत संघ होता ऑक्सफर्ड! कादंबरीकाराने हा प्रसंग रचला असता तर कोणी विश्वास ठेवला नसता.

खरी कसोटी २०१५मध्ये आली. मैदानाच्या नूतनीकरणासाठी नगरपालिकेने क्लबला एक कोटी पौंडांहून अधिक कर्ज दिले होते. पैसा गेला, पण पूर्वेकडचे प्रेक्षागृह अर्धवटच उभे राहिले. कर्ज परत मागितले गेले, करखाते न्यायालयात गेले, एका भारतीय गुंतवणूकदार समूहाशी चाललेली बोलणी फिसकटली, पगार थकले. आणि या सगळ्यात संघ मात्र जिंकत होता! नोव्हेंबरमध्ये नॉट्स काउंटीला तिच्याच मैदानावर हरवल्यानंतर वाइल्डर यांना सामन्याविषयी विचारण्यात आले. ते बोलले ते पगार न मिळालेल्या सामान्य कर्मचाऱ्यांविषयी. विक्रीचा व्यवहार विनाविलंब पूर्ण करा, असे त्यांनी कळवळून मालकांना विनवले. व्यवस्थापकाने मालकाला जाहीरपणे असे सुनावणे म्हणजे नोकरीवर पाणी सोडणेच. परंतु हॅलिफॅक्स पाहिलेल्या माणसाला गप्प बसणे बहुधा शक्य नव्हते.

काही दिवसांतच क्लब विकला गेला. घेणारे होते तेच केल्विन थॉमस. हंगामाअखेर नॉर्थॅम्प्टन ९९ गुणांसह विजेता ठरला, दुसऱ्या क्रमांकापेक्षा तब्बल १३ गुण पुढे. दुसरा क्रमांक कोणाचा? पुन्हा ऑक्सफर्डचाच.

पुढचा भाग अधिक परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. २०१६मध्ये ते शेफील्ड युनायटेडला परतले. हा क्लब २०११पासून तिसऱ्या श्रेणीत रुतला होता. पहिल्या चार सामन्यांत एकच गुण मिळाला आणि संघ तळाला गेला. हंगाम संपताना मात्र १०० गुण आणि विजेतेपद होते. २०१९मध्ये प्रीमियर लीग गाठली आणि पहिल्याच वर्षी नववे स्थान मिळवले.

त्या संघाची एक चाल जाणकारांना आजही आठवते. तीन मध्यरक्षकांपैकी कडेचे दोघे, ख्रिस बाशम आणि जॅक ओ’कॉनेल, आपल्याच बगलेच्या खेळाडूंना ओलांडून थेट प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपर्यंत धावत जात. बचावपटूने आपली जागा सोडू नये, ही शतकभराची शिकवण. ती मोडण्याची मुभा देणारा व्यवस्थापक स्वतः जन्मभराचा बचावपटू होता.