रक्ताची नळी, बारकोड आणि 'लिम्स': लॅबचं सॉफ्टवेअर नेमकं कुठे अडतं?

सकाळी रक्त दिलं, संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला. मधल्या वेळात तुमच्या नळीचा हिशोब 'लिम्स' ठेवतं, म्हणजे लॅबोरेटरी इन्फॉर्मेशन मॅनेजमेंट सिस्टिम. नवी मुंबईत तुर्भ्याला थायरोकेअरची मध्यवर्ती लॅब आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेल्या ए. वेलुमणी यांनी १९९६ मध्ये ही कंपनी सुरू केली. देशभरातले नमुने विमानाने एका जागी आणून तपासायचे, हे तिचं सुरुवातीचं गणित होतं. एवढ्या नळ्या वहीत नोंदवून कोणाला सापडणार?

पण सॉफ्टवेअर विकत घेतलं की झालं, असं होत नाही.

आधी यंत्रांचं बघू. लॅबमधली यंत्रं वेगवेगळ्या कंपन्यांची असतात, काहींना अजून जुना सिरियल पोर्ट असतो. प्रत्येकाला लिम्सशी वेगळं जोडावं लागतं. एककंही जुळवावी लागतात. रक्तातली साखर आपल्याकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये लिहितात, ब्रिटनमध्ये मिलिमोलमध्ये. दोन्हींत साधारण १८ पटींचा फरक आहे. तिथला ५.६ म्हणजे आपला १००!

हे इंजिनिअर सोडवतात. खरी अडचण माणसांची.

बारकोडचं स्टिकर चुकीच्या नळीवर लागलं, तर सॉफ्टवेअर दुसऱ्याचाच निकाल इमानेइतबारे तुमच्या नावावर पाठवतं. म्हणून रक्त घेतल्यावर रुग्णासमोरच, त्याला नाव विचारून, स्टिकर लावायचं असतं. गर्दीत नळ्यांना आधीच स्टिकर लावून ठेवायचा मोह होतो. घोळ तिथेच होतो.

दुसरी सवय पासवर्डची. पाच जण एकाच लॉगिनवर काम करत असतील, तर रिपोर्ट कोणी तपासला हे कळणारच नाही. अमेरिकेत औषधं विकणाऱ्या कंपन्यांच्या लॅबला तर हे चालतच नाही. तिथल्या एफडीएच्या १९९७ च्या नियमानुसार इलेक्ट्रॉनिक सही एकाच व्यक्तीची असावी लागते.

आणि वही? नवी यंत्रणा येताना काही दिवस वही आणि संगणक दोन्ही चालवतात. टेक्निशियनचं काम दुप्पट होतं. स्क्रीन कसा हवा हे त्याला कोणी विचारलेलं नसेल, तर तो आधी वहीत लिहितो आणि सवड मिळाली की संगणकात भरतो. मग आकडा हाताने दोनदा उतरतो, म्हणजे चुकायची संधीही दोनदा.

पुढच्या वेळी रक्त देताना नळीवरचं नाव स्वतः वाचा. रिपोर्ट आल्यावर आकड्यांआधी नाव, वय आणि नमुना घेतल्याची वेळ बघा.